अवघड जागेचं दुखणं, पण त्या जागेला म्हणायचं काय?

नुसताच_जावई

म्हण सगळ्यांना पाठ आहे, अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर. आमच्याकडे जागा अवघडच होती पण जावई डॉक्टर नाही, जावई आयटीतला, म्हणजे गाडी काढणे आणि पार्किंग शोधणे एवढ्याच कामाचा. तर झालं असं की सासरे (आम्ही मामाजी म्हणतो, भंडाऱ्याकडचे, जिल्हा परिषद शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवून रिटायर, वय 74) दिवाळीपासून जरा फेंगडे चालायला लागले, धोतर जाऊन ढगळ पायजमा आला, सायकल बंद झाली. विचारलं की "काही नाही जी, वय झालं". मग सासूबाईंनी बायकोला फोनवर सांगितलं, यांना तिकडे सूज आहे. बायकोने मला सांगितलं, बाबांना तिकडे सूज आहे, तुम्ही पुरुष पुरुष बोलून घ्या. मी मामाजींना विचारलं, तिकडे काही त्रास आहे का. तीन फोन झाले आणि शब्द एकच, तिकडे.

नागपुरात एका सर्जनकडे नेलं. मुलगा तिशीतला, वागायला अगदी नम्र. "काय होतंय काका?" मामाजी म्हणाले, "जरा खाली जड जड वाटते." "खाली म्हणजे पायात?" "पायाच्या वर." "गुडघा?" "त्याच्याही वर." मी भिंतीवरच्या औषध कंपनीच्या कॅलेंडरकडे बघत बसलो होतो, मार्च महिना पाठ झाला माझा. शेवटी डॉक्टर म्हणाला, "टेस्टीकलला स्वेलिंग आहे का?" आणि मामाजींनी माझ्याकडे बघितलं, भाषांतरासाठी!

आता माझ्या डोक्यात त्या क्षणाला तीनच शब्द आले. एक वृषण, दहावीच्या आकृतीतला, तो म्हणजे पूजा सांगायला बसल्यासारखा वाटला. दुसरा गोट्या, तो सासऱ्यांसमोर जन्मात निघणार नाही. तिसरा इथे टाईप केला तर अॅडमिन मला काढेल. मी म्हणालो, "हो, तेच ते."

निदान झालं, हायड्रोसील आहे, म्हणजे तिकडे पाणी साठलंय, पुढच्या महिन्यात ऑपरेशन. पण परत येताना गाडीत मामाजी टोलनाक्यापर्यंत गप्प, आणि मग एकदम म्हणाले, "पोट्ट्यांना तीन लिंगं शिकवली हो आयुष्यभर." बस, एवढंच.

तर प्रश्न असा की तुम्ही लोक काय म्हणता? डॉक्टरकडे, वडीलधाऱ्यांसमोर, घरात? एका फळीवर संस्कृत, दुसऱ्या फळीवर शिव्या, आणि मधली फळी रिकामी असं खरंच आहे का मराठीत?

सदाशिवपेठी

सासऱ्यांसमोर "तेच ते" हाच प्रमाण शब्द मानावा. पुल्लिंगी, एकवचनी, अनेकवचनी सगळीकडे चालतो.

बाकी क्रिकेट खेळलेल्या माणसाला ही अडचण येत नाही. आम्ही दुकानात जाऊन काकूंसमोर बिनधास्त "एल गार्ड द्या" (बॉल लागू नये म्हणून पँटच्या आत घालतात तो) म्हणायचो, एल कशाचा ते दुकानदार विचारायचा नाही आणि आम्ही सांगायचो नाही. बॉल लागला की "लागला रे नको तिथे" आणि सगळी टीम गंभीर चेहरा करून पोट धरून हसायला मोकळी.

नाईटड्यूटी_ब्रदर

सर्जरी वॉर्डात अकरा वर्षं काढली आहेत त्यामुळे जरा लांब लिहितो.

मधली फळी रिकामी नाही, फक्त तुमच्या हाताला येत नाही. पेशंट काय काय म्हणतात ऐका. खालची जागा, पुढची जागा, लघवीची जागा, नाजूक जागा, पिशवी, थैली, गोळी, "बारका गोटा दुखतोय", आंड, अंड, "माझं सामान", एक आजोबा नुसतंच "घर" म्हणायचे. जरा शिकलेले असले की प्रायव्हेट पार्ट, आणि हे सगळ्यात घोळाचं, कारण प्रायव्हेट पार्ट म्हणजे नक्की काय ते विचारायला मला परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. लघवीची जागा दुखते म्हणजे एक तर लघवीला जळजळ, नाहीतर पुढच्या कातडीला चीर, नाहीतर प्रोस्टेट, नाहीतर गोळीला सूज, चारी आजार वेगळे आणि शब्द एकच. किडनी स्टोनवाल्यांचं तर विचारूच नका, खडा खाली सरकला की कळ कंबरेतून निघून थेट गोळीत उतरते, हे अगदी नेहमीचं आहे, पण पेशंट कंबरेपाशीच थांबतो, पुढचं स्टेशन सांगतच नाही.

आणि एक चूक शिकलेलेच लोक करतात, ती म्हणजे अंडाशय. "डाव्या अंडाशयात दुखतंय" म्हणून चांगला बँक मॅनेजर माणूस सांगत आला होता. अहो अंडाशय बायकांना असतं, ओव्हरी ती. पुरुषांचा तो अंडकोष किंवा वृषणकोश, म्हणजे बाहेरची पिशवी, आणि आतल्या दोन गोळ्या म्हणजे वृषण. रोजच्या बोलण्यात लोक पिशवी आणि गोळी दोन्हीला अंडकोषच म्हणतात, तेवढं चालतं.

माझा साधा सल्ला, "गोळी" आणि "पिशवी" म्हणा. गोळीत दुखतंय, पिशवीला सूज आहे. कुठल्याही सरकारी दवाखान्यात कळतं, कोणी हसत नाही, आणि सासऱ्यांसमोर पण चालतं. पुढच्या अवयवाला लिंग म्हणा, शिश्न फक्त पोस्टमॉर्टेमच्या कागदावर वाचलंय मी.

हायड्रोसीलचं म्हणाल तर डॉक्टरने बॅटरी लावून बघितलं असेल ना? खोलीत अंधार करून पिशवीला मागून टॉर्च लावतात, आत पाणी असेल तर सगळं लालसर उजळतं, कंदिलासारखं. आतडं उतरलेलं असेल म्हणजे हर्निया, तर सहसा उजेड आरपार येत नाही, आणि खोकायला लावलं की हाताला धक्का लागतो. त्याला जुने लोक अंतर्गळ म्हणतात, फार छान शब्द आहे, पण हल्ली फक्त सत्तरीच्या पुढचेच वापरतात. पाणी गोळीत नसतं, गोळीभोवतीच्या आवरणात साठतं, हे मामाजींना सांगा, गोळी काढत नाहीत. बहुतेक म्हातारी माणसं त्याच भीतीने येत नाहीत.

बांधावरचा

आमच्याकडं ह्यो प्रॉब्लेमच नाय. गोठ्यात जा की. बैल घ्यायला बाजारात गेलं की पयला प्रश्न, खच्ची केलाय का आंडील हाय. बायामाणसं पण इचारत्यात. पूर्वी बडवायचे, म्हंजी बैल आडवा पाडून गोळीच्या वरची शीर लाकडानं चेचायची, लय वाईट काम, बैल दोन दिस उठत नव्हता. आता जनावराचा डॉक्टर चिमटा घेऊन येतो, बाहेरनंच दाबतो, रगत नाय काय नाय.

आन तुमी शहरातली मानसं पेपरात रोज छापता, कार्यकर्त्यांचं खच्चीकरण, पोलिसांच्या मनोबलाचं खच्चीकरण. बाईमाणूस बातम्या वाचताना पण म्हनती खच्चीकरण. कशाला खच्ची म्हनत्यात म्हाईत हाय का तिला? तवा लाज वाटत नाय, आन दवाखान्यात गेल्यावर तिकडं न् इकडं.

शब्दवेडी

बांधावरचा, दंडवत घ्या _/\_

मला तर हा सगळा प्रकार व्याकरणातून फार मजेशीर वाटतो. लिंग या शब्दाचा मूळ अर्थ खूण, चिन्ह, बाकी काही नाही. म्हणून तर व्याकरणात लिंग, फॉर्मवर लिंग, देवळात लिंग. सोनोग्राफी सेंटरच्या दारावर मोठ्या अक्षरात असतं, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, महाराष्ट्रात 1988 पासून कायदा आहे त्याचा, देशभराचा 1994 चा. म्हणजे शब्द भिंतीवर टांगलेला आहे, त्याच भिंतीला टेकून बसलेला माणूस आत जाऊन "तिकडे" म्हणतो.

आता गंमत बघा. शिश्न नपुंसकलिंगी. लिंग स्वतः नपुंसकलिंगी. इंद्रिय, गुप्तांग, सगळी नपुंसकलिंगी. बाळाला तेल लावताना आजी म्हणते ती बुल्ली किंवा नुनी, त्या स्त्रीलिंगी. पुल्लिंगी शब्द सापडतात ते शिव्यांतच, लवडा म्हणा, सोटा म्हणा, दांडा म्हणा. लहान आणि गोंडस असलं की ती, शास्त्रीय असलं की ते, आणि अंगावर धावून यायचं असलं की तो. लोटा लोटी, खलबत्ता खलबत्ती यात जे होतं तेच इथे झालंय, आकार कमी केला की मराठी बाईपण देऊन मोकळी होते.

आयुर्वेदात शिश्नाला मेढ्र किंवा मेहन पण म्हणतात. धातू मिह्, म्हणजे मुतणे, शिंपडणे. त्याच धातूतून मेह, प्रमेह आणि आपला घरोघरचा मधुमेह. जुने व्युत्पत्तीवाले तर मेघ पण त्याच धातूतून काढतात, शिंपडतो तो मेघ. लग्नाच्या पंगतीत "मला मधुमेह आहे, श्रीखंड नको" असं लोक मोठ्याने सांगतात आणि त्यात कोणालाच काही अश्लील वाटत नाही, वाटायचं कारणही नाही, पण मूळ तेच.

अजून एक, याचा कोणी विचार केलाय का माहीत नाही. इंग्रजीत हिंमत गोट्यांत असते. मराठीत नाही! मराठीत हिंमत छातीत असते नाहीतर सरळ मागच्या बाजूला, गांडीत दम आहे का असंच विचारतात. आपल्याकडे गोट्यांचं काम फक्त घाबरल्यावर कपाळात जाणे. "तुझ्यात बॉल्स आहेत का" हे गेल्या काही वर्षांत वेबसिरीज बघून आलंय, आणि आजकाल मुलीही एकमेकींना म्हणतात, तसंच "घंटा!" पण म्हणतात, घंटा कसली ते न कळता. हे शब्द झिजून गुळगुळीत झालेत, त्यात आता अवयव उरलेलाच नाही.

संस्कारी_नागरिक

अशा विषयावर धागे काढायची काय गरज आहे? इथे आयाबहिणी पण वाचतात. अॅडमिनने लक्ष द्यावे.

शब्दवेडी

संस्कारी, धागा परत वाचा. सूज पहिल्यांदा कोणाला कळली? सासूबाईंना. फोन कोणी केला? त्यांनीच. आयाबहिणी वाचतायत, तुम्ही काळजी करू नका.

आणि हे रडगाणं नवीन नाही. र. धों. कर्व्यांनी 1927 साली समाजस्वास्थ्य हे लैंगिक शिक्षणाचं मासिक सुरू केलं तेव्हापासून ते 1953 ला वारले तोपर्यंत हेच ऐकलं, अश्लीलतेचे खटले झाले, त्यातल्या एकात तर बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. त्यांचं म्हणणं साधं होतं, अवयवाला अवयव म्हणा. शंभर वर्षं होत आली, आपण अजून तिकडे.

होस्टेल_रूम_114

सगळे हसतायत म्हणून लिहू का नको असं चाललं होतं.

सेकंड इयरला माझा रूममेट पहाटे तीनला उठला, ओकला आणि पोट धरून बसला. पोटात दुखतंय म्हणाला. मी ॲसिडिटीची गोळी दिली. चारला रेक्टरना उठवलं, त्यांनाही पोटच सांगितलं, त्यांनी ओवा दिला. सकाळी आठला जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे तपासणाऱ्याने पोट दाबून बघितलं, गॅस आहे म्हणून इंजेक्शन दिलं आणि परत पाठवलं. पँट कोणी काढायला सांगितली नाही आणि याने पण सांगितलं नाही. दुपारी तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता आणि मला म्हणाला, "यार, पोटात नाही, खाली दुखतंय, एकच साईड वर चढल्यासारखी झालीय." तिथून मोठ्या हॉस्पिटलला, सोनोग्राफी, आणि डायरेक्ट ऑपरेशन थिएटर. वृषणाला पीळ पडला होता, टॉर्शन म्हणतात. आतली शीर दोरीसारखी पिळते आणि रक्त बंद होतं. साधारण सहा तासांत उलगडलं तर बहुतेक वेळा वाचतं, आम्ही तेरा तासांनी पोचलो होतो. एक बाजू काढावी लागली, आणि दुसरीला पीळ पडू नये म्हणून ती टाके घालून बसवली.

त्याला आता मुलगी आहे, सगळं ठीक आहे, एकावर काम चालतं. पण त्या रात्री आम्ही दोघं असे होतो की दिवसभर दर वाक्यात शिवी, ल वरून, ग वरून, त्याच अवयवाची, शेकडो वेळा. आणि खरंच तिथे दुखलं तेव्हा त्याला शब्द सापडला नाही.

नाईटड्यूटी_ब्रदर

होस्टेल, बरं केलंस लिहिलंस. पोरांना अचानक पोटात दुखून उलटी झाली तर आम्ही आता पहिलं खालीच बघतो, पेशंट काही का सांगेना.

रात्रपाळीची_ताई

मी गडचिरोलीत आरोग्य खात्यात आहे. जावईबापू, तुमचे मामाजी भंडाऱ्याचे म्हटल्यावर मला पहिलं डोक्यात आलं ते हत्तीरोग. आमच्या पूर्व विदर्भात, गडचिरोली चंद्रपूर भंडारा गोंदिया नागपूर वर्धा, हा जुना पाहुणा आहे. लोकांना वाटतं हत्तीरोग म्हणजे पाय सुजणे, पण पुरुषांत त्याचा मोठा भाग म्हणजे अंडवृद्धी. घाण पाण्यातला क्युलेक्स डास चावतो, जंतू अंगात जातात आणि रसवाहिन्यांत ठाण मांडून बसतात, वर्षानुवर्षं काही कळत नाही आणि मग हळूहळू पाणी भरतं. सगळंच हायड्रोसील यानेच होतं असं नाही, पण डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. त्याचे जंतू रात्रीच रक्तात फिरतात म्हणून आम्हाला रात्री आठनंतर घरोघरी जाऊन बोटातून रक्त घ्यावं लागतं. कुत्री मागे लागतात, लोक म्हणतात दिवसा या की.

शब्दांचं सांगते. माझ्या रजिस्टरमध्ये कॉलम आहे "अंडवृद्धी रुग्ण". मी बाई, मला तो कॉलम भरायचा असतो. सुरुवातीला मी पण "काका, कुठं सूज बीज?" असं विचारायची आणि काका पाय दाखवायचे. मग एका जुन्या वॉर्डबॉय मामांनी शिकवलं, ताई, अवयव विचारू नका, आजार विचारा. "हायड्रोसील आहे का?" म्हटलं की माणूस लगेच हो म्हणतो. शब्दाचं पार हायड्रोशील, हड्राशील झालेलं आहे गावात, पण त्याला लाज चिकटलेली नाही, कारण तो इंग्रजीतून आजार म्हणून आला. "पाणी उतरलं" म्हटलं तरी चालतं.

उलटं उदाहरण म्हणजे नसबंदी. यात शब्दानेच घात केला. नस म्हटलं की माणसाला ताकदीची नस वाटते. खरं तर कापतात ती शुक्रवाहिनी, बारीकशी नळी, बिनटाक्याच्या पद्धतीत तर एक छोटं भोक पाडून काम होतं, आणि पुरुषाचं हार्मोन रक्तातून जातं, त्या नळीतून जातच नाही, त्यामुळे ताकद बिकद काही कमी होत नाही. हे मी गावात एवढं सांगते, सगळे माना डोलावतात आणि मग बायकोलाच पुढे करतात.

सदाशिवपेठी

ताई, आजार विचारा अवयव नाही, हे लॉजिक मान्य. आमचे एक काका प्रोस्टेटला "माझा प्रोटेस्ट वाढलाय" म्हणतात. दहावीच्या पुस्तकात त्याला पुरःस्थ ग्रंथी म्हणायचे, म्हणजे पुढे उभी असलेली. रात्री चार वेळा उठल्यावर कोण पुढे उभं आहे ते कळतंच.

नुसताच_जावई

सगळ्यांचे आभार. मार्चमध्ये विचारलं होतं, आता ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले म्हणून अपडेट.

ताई, डॉक्टरांना विचारलं, रक्त तपासलं, जंतू निघाले नाहीत. ब्रदर, टॉर्चचं खरं निघालं, यावेळी मामाजींनी स्वतः डॉक्टरला विचारलं "उजेड पडला का?" आणि गोळी काढणार नाहीत हे ऐकल्यावर त्यांनी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

ॲडमिट केलं त्या सकाळी वॉर्डात एक मामा आले शेव्हिंगला, ते निघाले साकोलीकडचे, म्हणजे भंडारा जिल्ह्यातलेच. मी मनात तुमचे सगळे शब्द घोकत उभा, गोळी म्हणू, पिशवी म्हणू. त्यांनी वस्तरा पुसता पुसता विचारलं, "कोन्त्या बाजूचं आंड सुजलं जी गुरुजी?" मामाजी म्हणाले, "डाव्या." संपलं. सहा महिने अडकलेला शब्द, दोघांनी मिळून तीन सेकंदांत उरकला, आणि मग साकोलीत यंदा धान कसं आहे यावर अर्धा तास.

नंतर सिस्टर संमतीपत्र घेऊन आल्या. छापील मजकूर होता, मधली रिकामी जागा त्यांनी पेनाने भरली होती, डाव्या वृशनाची हायड्रोसील शस्त्रक्रिया. मामाजींनी चष्मा लावला, पूर्ण वाचलं, आणि सही करायच्या आधी माझ्या खिशातला पेन मागितला. श खोडला, न खोडला, वर बारीक अक्षरात दुरुस्ती केली आणि कागद सिस्टरपुढे धरून म्हणाले, "पोटफोड्या ष असते त्यात, बाई. आणि बाणातला ण."